हे नाहीत, मग कुणाबरोबर जाऊ?

वाचकाचं पत्र

मी सांगलीत राहते. वय ६२. बँकेतून निवृत्त होऊन दोन वर्षं झाली आणि हे जाऊन चार. आम्हा दोघांना फिरण्याचं वेड. मुलांची शिक्षणं उरकल्यावर दर वर्षी एक देश असं ठरवलं होतं, सात झाले. आता पेन्शन आहे, तब्येत बरी आहे, गुडघे अजून ऐकतात. वर्षातून दोनदा तरी बाहेरदेशी जावं असं फार वाटतं, पण जायचं कुणाबरोबर? मैत्रिणींना विचारलं तर कुणाची नातवंडं, कुणाच्या सासूबाई, कुणाला खर्च झेपत नाही. गेल्या वर्षी आम्ही तिघींनी जपानचं ठरवलं होतं, एकेक करत दोघी गळल्या. टूरवाल्यांकडे गेले तर स्वतंत्र खोलीचे बरेच पैसे जादा, नाहीतर अनोळखी बाईबरोबर राहायचं. मुलगा टोरांटोला असतो, तो म्हणतो, "आई, एकटीनं कशाला दगदग करतेस, इकडेच ये." मुलगी म्हणते, फेसबुकवर ग्रुप असतात. पण अनोळखी माणसांवर भरवसा ठेवायचा कसा? आणखी एक. बँकेतले एक जुने सहकारी, तेही एकटेच आहेत, "आमच्या ग्रुपबरोबर व्हिएतनामला चला" म्हणतात. जावंसं वाटतं, पण लोक काय म्हणतील हेही मनात येतं. माझा पासपोर्ट पुढच्या मार्चपर्यंत आहे. काय करू?

— एक वाचक, सांगली

उत्तर

ताई,

तुमचं पत्र मी दोनदा वाचलं. पहिल्यांदा वाटलं, सोबत कुठे मिळेल एवढाच प्रश्न आहे. दुसऱ्यांदा वाचताना "सात झाले" या दोन शब्दांशी थांबले. सात देश तुम्ही अशा माणसाबरोबर पाहिलेत, ज्याला तुमचा चहा किती कडक लागतो हे सांगावं लागत नव्हतं. तुम्ही दमलात हे त्यांना तुमच्या चालण्यावरून कळत असणार. आता ज्या कुणाला तुम्ही विचाराल ती बाई या मापाला उतरणार नाही, आणि तिचा त्यात काही दोष नसेल. म्हणून माझी पहिली विनंती अशी की ह्यांच्या जागी बसेल असं एक माणूस शोधणं सोडून द्या. वर्षातून दोनदा जायचं तर एका माणसावर भागतही नाही. तुम्हाला पाच-सहा जणी हव्यात, ज्यांतल्या दोघी कधी येतील, दोघी कधी येणार नाहीत, आणि कुणाचंच वाईट वाटणार नाही.

आपल्याकडे वारीत हे फार सुंदर जमवलेलं आहे. माणूस आपल्या दिंडीत चालतो, भिशी भरतो, पंगतीला बसतो, रात्री त्याच तंबूत झोपतो. एखाद्या वर्षी कुणाला जमलं नाही तर तो मागे राहतो, दिंडी निघायची तेव्हा निघतेच. तुमच्या जपानच्या वेळी उलटं झालं. तिघींनी ठरवलं, दोघी गळल्या आणि तिसरी पैसे, पासपोर्ट, हौस सगळं असून घरी बसली. यापुढे तारीख आधी ठरवा, माणसं नंतर. जानेवारीत सगळ्यांना सांगून टाका, "मी नोव्हेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात अमुक ठिकाणी जातेय, खर्च साधारण इतका, यायचं असेल तर अमुक तारखेपर्यंत सांगा." "जाऊया का गं आपण?" असं विचारलं की समोरची "बघू" म्हणते. "मी चाललेय" म्हटलं की तिला हो किंवा नाही म्हणावं लागतं.

आता या पाच-सहा जणी कुठून आणायच्या? ओळखीतल्या मैत्रिणींपलीकडे एक पायरी जा. बँकेच्या निवृत्तांची संघटना, योगवर्ग, भिशीचा ग्रुप, मुलीच्या सासूबाई, नणंदेची मैत्रीण. तुमच्या वयाच्या, हातात पैसा असलेल्या आणि सोबत नाही म्हणून घरी बसलेल्या बायका सांगली-मिरजेत नाहीत असं मला कुणीही सांगितलं तरी पटणार नाही. त्याही तुमच्यासारख्याच गप्प बसल्या आहेत. मात्र एक पथ्य पाळा. भाचीला किंवा पुतणीला "तुझं तिकीट मी काढते, तू चल" असं म्हणू नका. पहिल्या दोन दिवसांत ती सोबतीण राहत नाही, तुमची बॅग उचलणारी मुलगी होऊन जाते. तिलाही ते कळतं आणि तुम्हालाही. निम्मा का होईना, तिचा वाटा तिनं भरावा.

मैत्री चांगली आहे म्हणून प्रवास चांगला होईल असंही धरून चालू नका. हे मी अनुभवानं सांगते. तीस वर्षांपासूनची मैत्रीण आणि मी हनोईला एका खोलीत होतो. मला पहाटे पाचला जाग येते, तिला रात्रीच्या गोळीमुळे आठपर्यंत उठवत नाही. दिवा लावला तर ती दचकते, म्हणून मी सलग तीन पहाटे बाथरूमचं दार लावून कमोडच्या झाकणावर बसून पुस्तक वाचलं. तिथून दहा मिनिटांवर होआन किएम तळं होतं. पहाटे तिथे शेकडो माणसं व्यायामाला जमतात, आपल्या वयाच्या बायका हातात पंखे घेऊन गाण्यावर नाचतात. मी ते चौथ्या दिवशी पाहिलं, कारण "तिला न सांगता कसं जायचं" या संकोचात तीन दिवस गेले. तिला नंतर कळलं तेव्हा तिच्या डोळ्यांत पाणी आलं. "मला आदल्या रात्री सांगायचंस की गं," म्हणाली. खरंच, तेवढंच करायचं होतं. त्यानंतर आम्ही दोघी तीनदा प्रवासाला गेलो. सकाळी नऊपर्यंत जिची तिची मोकळीक असते, आणि परवडेल तिथे खोल्या वेगळ्या.

म्हणून माणूस आधी लहान प्रवासात पाहून घ्या. मिरजेहून हरिप्रिया एक्स्प्रेसनं होस्पेटला उतरा आणि हंपीत तीन रात्री काढा. ऊन, चालणं, एक खोली, जेवणाची थोडी गैरसोय, रिक्षावाल्याशी घासाघीस. जी बाई हंपीतल्या दुपारी विठ्ठल मंदिराच्या वाटेवर चिडचिड न करता सावलीत बसून पाणी पिते, ती क्योटोमध्येही चालेल. त्यानंतरची पायरी भूतान किंवा नेपाळ. तिथे आपल्याला व्हिसा लागत नाही, पासपोर्ट किंवा मतदार ओळखपत्र चालतं. भूतानला भारतीयांना माणशी रात्रीला १२०० रुपये विकास शुल्क भरावं लागतं, तेवढं हिशेबात धरा. पारोजवळच्या तक्तसांग मठाची चढण अशी आहे की कोण किती चालतं, कोण कुणासाठी थांबतं, हे एका दिवसात दिसतं. जपान, युरोप त्याच्या नंतर.

निघण्याआधी जे बोलायला आपल्याला लाज वाटते तेच बोलून घ्या. घोरता का? एसी किती वर? रात्री कितीदा उठता? खरेदीला किती वेळ? घरचे चिवडा-ठेपले चालतील की तिथलं खायचं आहे? व्हिडिओ कॉल खोलीत स्पीकरवर करायचे की बाहेर जाऊन? पैशांसाठी स्प्लिटवाइज हे खर्च वाटून दाखवणारं अ‍ॅप वापरा नाहीतर साधी वही, पण त्या दिवसाचा हिशेब त्या रात्री मिटवा. "राहू दे गं, नंतर बघू" यातून मी चांगल्या मैत्रिणी दुरावलेल्या पाहिल्या आहेत.

आणि एक प्रश्न सगळ्यांत महत्त्वाचा, जो कुणीच विचारत नाही. आपल्यातली एक आजारी पडली किंवा पाय मुरगळला, तर दुसरीनं थांबायचं की पुढे जायचं? याचं ठरलेलं बरोबर उत्तर नाही, पण दोघींचं उत्तर एकच असायला हवं. घरच्यांचे नंबर, औषधांची यादी, डॉक्टरांची चिठ्ठी आणि इन्शुरन्सचा कागद एकमेकींकडे ठेवा. इन्शुरन्स जिचा तिनं काढावा आणि त्यात रक्तदाब, साखर काही लपवू नये. लपवलं तर दावा नाकारला जाऊ शकतो, आणि तेव्हा परदेशातल्या हॉस्पिटलात बिल हातात घेऊन उभी असते ती सोबतीण.

टूरबद्दल. ट्विन शेअरिंगचा दर दोन माणसांत खोली वाटून काढलेला असतो, म्हणून एकटीला तो जादा आकार पडतो. त्यात फसवणूक नाही, पण बोचतो खरा. वीणा वर्ल्डसारख्या मराठी माणसांच्या कंपन्या फक्त बायकांच्या आणि फक्त ज्येष्ठांच्या सहली काढतात, आणि त्यांत एकट्यानं येणाऱ्या पुष्कळ असतात. तुम्ही एक करा. पैसे भरण्याआधी विचारा, "माझ्याबरोबर खोलीत कोण असेल, आणि तिची हरकत नसेल तर निघण्यापूर्वी मला तिच्याशी फोनवर बोलता येईल का?" नाही म्हणाले तर पुढच्या कंपनीकडे जा. बोलायला मिळालं तर वरचे सगळे प्रश्न तिलाही विचारा. माझ्या ओळखीतल्या दोन जणी अशाच एका टूरवर चिठ्ठीनं एका खोलीत आल्या आणि आता वर्षाआड दोघीच जातात. टूरकडे मी तरी अशा नजरेनं बघते. ठिकाण तर दिसतंच, शिवाय चाळीस माणसांतून आपल्या जातकुळीची एखादी सापडते. परतताना विमानतळावर "भेटू हं" म्हणून सुटू नका, नंबर घ्या आणि पुढच्या महिन्यात खरंच फोन करा.

आता फेसबुकच्या ग्रुपबद्दल. मुलगी चुकीचं सांगत नाही, तुमची भीतीही चुकीची नाही. अनोळखी माणसावर भरवसा ठेवायची गरज नाही, त्याची ओळख व्हायला वेळ द्यायचा. इथे मला नेहमी आनंदीबाई जोशी आठवतात. १८८३ साली अठरा वर्षांची ही मुलगी कलकत्त्याहून बोटीनं अमेरिकेला निघाली. न्यूयॉर्कला तिला उतरवून घ्यायला आलेल्या कार्पेंटरबाईंना तिनं कधी पाहिलंही नव्हतं. दंतवैद्याकडे बसल्या असताना त्या बाईंनी एका मासिकात तिच्याविषयी वाचलं होतं आणि १८८० मध्ये पहिलं पत्र लिहिलं होतं. भेट व्हायच्या आधी जवळजवळ तीन वर्षं पत्रं आली-गेली, आणि पुढे आनंदीबाई त्यांच्याकडे घरच्यासारखी राहिली. तुम्हाला तीन वर्षं लागणार नाहीत, पण तीन महिने द्या. दोन-तीन व्हिडिओ कॉल, मग भरदिवसा पुण्याला किंवा कोल्हापूरला एखाद्या हॉटेलात जेवण, मग ती हंपी. तिच्या घरातल्या एका माणसाशी बोला, तुमच्या मुलीशी तिला बोलू द्या. जी यातल्या कशालाही नाखूश असेल तिला तिथेच नमस्कार. आगाऊ पैसे कुणाच्या खात्यात भरू नका, तिकीट आणि हॉटेल तुमच्या नावावर तुम्हीच काढा. पासपोर्टची प्रत कुणालाही व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवू नका.

आणि ताई, हे ठळक अक्षरात समजा. दुसऱ्याचं सामान आपल्या बॅगेत घ्यायचं नाही. "माझं वजन जास्त होतंय, एवढा खाऊचा डबा ठेवता का?" असं कितीही गोड आवाजात कुणी म्हटलं तरी नाही. सिंगापूरसारख्या देशात अमली पदार्थ आणल्याबद्दल फाशीची शिक्षा आहे, आणि बॅग ज्याची, जबाब त्याला द्यावा लागतो. सख्ख्या मैत्रिणीलाही मी नाही म्हणते, आणि तिलाही मला नाही म्हणायला सांगते.

तुम्ही वर्षातून दोनदा जाणार, तर युरोपचा एक मुद्दा उपयोगी पडेल. २०२४ च्या एप्रिलपासून भारतीयांसाठी शेंगेन व्हिसाचे, म्हणजे युरोपातल्या बऱ्याच देशांत एकच चालतो त्या व्हिसाचे, नियम सैल झाले आहेत. आधीच्या तीन वर्षांत दोन शेंगेन व्हिसा घेऊन नियमानं वापरले असतील तर पुढचा दोन वर्षांचा, अनेकदा जाता येईल असा व्हिसा मिळू शकतो, आणि त्यानंतर पासपोर्टची मुदत पुरत असेल तर पाच वर्षांचा. हा व्हिसा ज्याचा त्याला मिळतो. म्हणजे तुमच्या हातात मोठा व्हिसा असेल आणि सोबतिणीचा पहिलाच अर्ज असेल. तिचा नाकारला गेला तर तुम्ही काय कराल हे आधी ठरवा, आणि तिचा हातात येईपर्यंत परतावा मिळेल अशीच बुकिंग ठेवा. अर्ज सहा महिने आधीपासून करता येतो, शेवटच्या महिन्यापर्यंत थांबू नका.

सोबत मिळालीच नाही तर? तर मी म्हणेन, असा प्रवास निवडा ज्यात वाटेतच माणसं भेटतात. पंचावन्नाव्या वर्षी मी स्पेनमधल्या सांतियागोच्या वाटेवर, म्हणजे ख्रिस्ती यात्रेकरूंच्या जुन्या पायवाटेवर, चालले. सारिया या गावापासून जेमतेम ११५ किलोमीटर, रोज वीसेक. १०० किलोमीटर पायी झाले की प्रमाणपत्र मिळतं, म्हणून पुष्कळजण तिथूनच निघतात. गळ्यात शिंपला, हातात शिक्के मारून घ्यायची घडीची वही, आणि समोरून किंवा मागून येणारा प्रत्येकजण "बुएन कामिनो" म्हणतो. दुसऱ्या दिवशी एक पोर्तुगीज आजी माझ्या चालीनं चालू लागली. तिला इंग्रजी येत नव्हतं आणि मला पोर्तुगीज. चार दिवस आम्ही बरोबर होतो. तिनं मला चालताना टाचेला फोड येऊ नये म्हणून व्हॅसलीन कसं लावायचं ते दाखवलं, मी तिला खिशातले आवळ्याचे तुकडे दिले. ती तोंड आंबट करून हसली आणि पुन्हा हात पुढे केला. मी एकटी गेले होते, पण एकटी चालले असं मला कधी वाटलं नाही. थायलंडच्या चियांग मायमधला स्वयंपाकाचा एक दिवसाचा वर्ग, युरोपातल्या शहरांत सकाळी निघणारी पायी फेरी, यांतही दुपारच्या जेवणापुरती सोबत हमखास मिळते. कधी कधी तेवढीच पुरते.

एवढ्यासाठी एक गोष्ट मात्र शिकून घ्या. तुमच्या सात देशांत पासपोर्ट कुणाच्या खिशात असायचे? चेक-इन कोण करायचं, फॉर्म कोण भरायचं? माझा अंदाज आहे की हे सगळं ह्यांच्याकडे असणार. सोबत कितीही चांगली असली तरी विमानतळ आपला आपल्याला पार करता यायला हवा. टोरांटोला मुलाकडे जालच, तेव्हा कुणाच्या आधाराशिवाय स्वतः बोर्डिंग पास काढा, मधल्या विमानतळावर स्वतः पुढचं गेट शोधा. बँकेत इतकी वर्षं दुसऱ्यांचे फॉर्म तपासलेत, हा तुम्हाला अवघड नाही. आणि मुलाला सांगा की तुझ्याकडे येणं हा माझा प्रवास नाही, ते घरी येणं आहे. त्याचं प्रेम खरं आहे, काळजीही खरी आहे, म्हणून त्याला प्रत्येक वेळी हॉटेलचा पत्ता आणि विमानाचा नंबर आधी पाठवा. काळजी करणाऱ्याला माहिती दिली की अर्धी काळजी उतरते.

राहिले तुमचे सहकारी. तुम्ही लिहिलंय, "जावंसं वाटतं." मग जा. ग्रुप आहे, बरोबर आणखी माणसं आहेत, खोली तुमची वेगळी किंवा ग्रुपमधल्या एखाद्या बाईबरोबर. मुलगा-मुलगीला कुणाकडून तरी कळण्याआधी तुम्ही स्वतः फोन करून सांगा, आणि परवानगी मागितल्यासारखं सांगू नका. "नोव्हेंबरात बँकेच्या ग्रुपबरोबर व्हिएतनामला चाललेय, अमुक अमुकही आहेत," एवढंच. त्या गृहस्थांच्या मनात याहून जास्त काही असेल आणि तुमच्या मनात नसेल, तर तेही निघण्यापूर्वी स्पष्ट बोला. परदेशात आठ दिवस अवघडून काढण्यापेक्षा सांगलीत दहा मिनिटं अवघड गेलेली बरी. आणि तुमच्या मनातही काही असेल, तर ते तुमचं आहे, त्यासाठी माझ्या सल्ल्याची गरज नाही. लोक बोलतील म्हणता. चार वर्षांपूर्वी जे लोक चौदाव्या दिवसानंतर फिरकले नाहीत, त्यांना आता तुमच्या नोव्हेंबरवर हक्क सांगू देऊ नका.

शेवटी पासपोर्ट, कारण तुम्ही तो मार्चपर्यंत आहे म्हणून निश्चिंत दिसता. बरेच देश प्रवासाच्या वेळी सहा महिन्यांची मुदत शिल्लक मागतात, व्हिएतनामलाही तेवढी असलेली बरी. म्हणजे तुमचा पासपोर्ट सप्टेंबरनंतर जवळजवळ निकामी आहे. या आठवड्यातच नव्यासाठी अर्ज करा. फॉर्ममध्ये ३६ की ६० पानं असं विचारतात, तिथे ६० वर खूण करा. साध्या अर्जाला फक्त ५०० रुपये जास्त पडतात, आणि दहा वर्षांत वर्षाला दोनदा म्हणजे तुम्हाला पानं लागणार आहेत.